पुढचा दात

मामा चौकाच्या अलीकडं, बॅटरीच्या दुकानावरच्या माळ्यावर
फुलंब्रीकर बाईंनी माझ्या पुढच्या दाताची नस काढली
त्याला अकरा वर्षं झाली.

मंठ्याच्या वरातीत घोडं बिचकलं होतं,
क्लॅरिनेट माझ्या तोंडातच होती.
मानेचा एक हिसका,
आणि लाकडाचा ठोसा सरळ वरच्या दातावर.
दात पडला नाही.
आतल्या आत गेला,
आमच्या बापासारखा, झोपेत, कुणाला हाक न मारता.

बाईंनी केसाएवढ्या सुया एकामागून एक आत घातल्या.
शेवटी एक गुलाबी काडी भरली,
म्हणल्या, झाडाच्या चिकाची असते.
मला बरं वाटलं. लाकूडही झाडाचंच,
घरच्या घरात राहील.

दात हळूहळू राखाडी झाला.
वाजवताना ओठ मिटलेले असतात,
दिसतं कुणाला?

आता भाचा सुमेध म्हणतो,
"मामा, कामून ठेवलास मढं तोंडात?"
संभाजीनगरला कुणी एक दातवाला आहे,
स्वतःला जैविक म्हणवतो.
त्याच्या भिंतीवर माणसाचा नकाशा,
प्रत्येक दातातून एक रेघ निघते
आणि कुठल्या ना कुठल्या अवयवाच्या स्टेशनात जाऊन थांबते.
माझी रेघ मूत्रपिंडात उतरलीय म्हणे.
दातात लाखो नळ्या, नळ्यांत जंतू,
जंतूंचं विष गुडघ्यात.
उपटून टाक, सुमेध म्हणतो, मोकळा होशील.

त्या रात्री जीभ झोपली नाही.
पहारेकऱ्यागत दारापाशी जाऊन यायची.
गुडघेही, जाणूनबुजून, जास्त दुखले.

गेलो परत बाईंकडं. त्यांचेही केस आता पांढरे.
फोटो काढला, उजेडात धरला,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मी घामेजलो.
मग म्हणल्या, "मुळाच्या टोकाशी सावली नाही.
ही भीती शंभर वर्षांची जुनी आहे, खंदारे.
लोकांनी तपासली, टिकली नाही.
पण भरलेला दात कधी बिघडतोही,
सुजला, ठणकला तर ये, मी स्वतः काढीन.
गुडघ्यांचं विचारशील,
तर अडतीस वर्षं डांबरावर वाजवत चाललायस तू."

"पण मेलेलाच ना?" मी.

"नस गेली. ज्या दोऱ्यांनी हाडानं त्याला धरलंय
ते जिवंत आहेत."

इलियासला सांगितलं, ढोल आवळता आवळता.
तो हसला. आमच्यात कातडी ढोल आता त्याच्याकडंच उरलाय.
"उस्ताद, तुम्हारे मुँह में एक दात मरा,
मेरे गले में तो पूरी बकरी है."

मी पट्टी जिभेवर ठेवली.
वेत कापल्याला किती वर्षं झाली, कुठल्या देशात, देव जाणे.
कोरडी असताना काही बोलत नाही,
थुंकीनं भिजली की मग तिला आठवतं.

गार पाणी प्यायलो तर त्या दाताला कळत नाही.
गरम चहाही नाही.
पण खालचा सा लावला
की सगळ्यात आधी तोच थरथरतो,
त्याच्यावरून सूर कवटीत चढतो,
डोळ्यांमागं कुठंतरी जाऊन बसतो.
हे मी सुमेधला सांगितलं नाही.
त्याचं माझ्यावर प्रेम आहे, आणि त्याच्याकडं नकाशा आहे.

त्यानं बुधवारची वेळ घेऊन ठेवलीय,
पाचशे रुपये आगाऊ भरून.
बुधवारी परतूरला लग्न आहे.
वर्दी इस्त्रीला दिली.

जीभ मात्र अजून जाते रात्री,
एकदा. कधी दोनदा.